फडाचा तोटा एकाच सहीवर का?

दसरा झाला की आमच्या पाटोदा तालुक्यातली गावं रिकामी होऊ लागतात. ट्रक-ट्रॅक्टर भरून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. ती घरावरच्या पत्र्यात, पोरीच्या लग्नात, दवाखान्यात गेलेली असते आणि पुढचे पाच-सहा महिने कोयत्यानं ती फेडायची असते. त्याच दसऱ्याला तमाशाचे मोठे फडही बाहेर पडतात. तिथंही ढोलकीवाल्यानं, नाचणाऱ्या बाईनं, सोंगाड्यानं, तंबू ठोकणाऱ्या बिगाऱ्यानं उचल घेतलेली असते. मात्र मुकादमाच्या मागं साखर कारखाना उभा असतो. फडमालकाच्या मागं उभा असतो सावकार, आणि त्याच्याकडच्या कागदावर फडमालकाची एकट्याची सही.

मी पाटोद्यात आणि आसपासच्या तालुक्यांत बँकेची नोकरी केली. पीककर्ज, दुभत्या जनावरांचं कर्ज, ट्रॅक्टरचं कर्ज, दुष्काळ पडला की पुनर्गठन, मग माफी, मग पुन्हा पीककर्ज, हे चक्र माझ्या टेबलावरून वर्षानुवर्षं फिरत राहिलं. गाण्याचा आणि तमाशाचा नाद वडिलांकडून आला. त्यांच्याबरोबर जत्रेत रात्र-रात्र जागून वग ऐकले, आणि पुढं तेच फड सावकाराच्या दारात उभे असलेले पाहिले. गाण्या-नाचाचा मोठा खेळ उभा करणं हा जोखमीचा धंदा आहे आणि तो तसाच राहणार, हे मला मान्य आहे. पण ती सगळी जोखीम एका माणसाच्या, बऱ्याचदा एका बाईच्या, अंगावर टाकून आपण सगळे तिकीट काढून मोकळे होतो, हे मला मान्य नाही. जोखीम आधीच वाटून घेता येते. ती कशी वाटायची, हे पिकांच्या बाबतीत आमच्या बीड जिल्ह्यानं महाराष्ट्राला एकदा दाखवलेलं आहे.

आधी खर्चाचं बोलू. तंबूचा मोठा तमाशा म्हणजे शंभरच्या वर माणसं. गाणाऱ्या, नाचणाऱ्या, ढोलकी-हलगीवाले, कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडवाले, सोंगाडे, वगातले राजा-प्रधान, आणि पडद्यामागं आचारी, ड्रायव्हर, वायरमन, गेटवर तिकिटं फाडणारे. शिवाय ट्रकांचा ताफा, जनरेटर, साउंड, लाईट, लोखंडी स्टेज, कनाती. हे सगळं उभं करायला लागणारा पैसा डोळ्यात भरतो, म्हणून लोक त्याचीच चर्चा करतात. माझा अनुभव वेगळा आहे. उभारणीच्या खर्चानं माणूस सहसा बुडत नाही, बुडतो तो रोजच्या खर्चानं. खेळ झाला काय अन् न झाला काय, एवढ्या माणसांच्या दोन वेळच्या भाकरी थापाव्याच लागतात. मुक्काम हलवायचा तर डिझेल जळतंच. आणि व्याज तर पावसातही थांबत नाही.

बाउमोल आणि बोवेन या दोन अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली रंगमंचीय कलांच्या अर्थकारणावर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : कारखान्यात यंत्र आलं की कमी माणसांत जास्त माल निघतो आणि मजुरी वाढली तरी भागतं. मैफलीत तसं होत नाही. चार जणांनी वाजवायची रचना शंभर वर्षांनीही चार जणांनीच वाजवायची असते, आणि त्या चौघांची मजुरी मात्र बाहेरच्या जगाबरोबर वाढत जाते. तमाशाचा हिशेब याहून वेगळा नाही. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग, एवढं सगळं द्यायचं तर माणसं लागणारच. ढोलकीवाल्याच्या जागी निम्मा ढोलकीवाला बसवता येत नाही. तिकीट मात्र मजुरीच्या वेगानं वाढवता येत नाही, कारण समोर बसलेला माणूस स्वतः मजूर आहे.

कमाईचे दोन काळ. दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत तंबू लावून तिकिटावर खेळ करायचे, आणि पाडव्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंत गावोगावच्या जत्रांच्या सुपाऱ्या घ्यायच्या. या सुपाऱ्यांची पेठ जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात भरते. तिथं फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे जत्रा कमिटीवाले येतात, फड निवडतात, भाव करतात, इसार देतात. वर्षभराचं देणं फिटणार की नाही, हे त्या काही दिवसांत बरंचसं ठरतं. आमच्याकडं तर पहिला काळ धरूच नका. हिवाळ्यात तंबू लागला तर बघायला गावात असतं कोण? म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि दुकानदार. आमचा खरा प्रेक्षक तेव्हा कुठल्या तरी कारखान्याच्या फडात पहाटे ऊस तोडत असतो. तो पाडव्याच्या आगंमागं परततो, तेव्हा जत्रा सुरू होतात. म्हणून बालाघाटाच्या या पट्ट्यात तमाशाचं सगळं गणित जत्रेच्या सुपारीवर आणि सुपारीचं गणित पावसावर.

मांजरा नदी आमच्या तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते. २०१६ साली खाली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. त्या उन्हाळ्यात इकडच्या गावांनी जत्रेची वर्गणी कशी गोळा करायची? जनावरं छावणीत, पाणी टँकरचं, आणि दारात वर्गणीचं पुस्तक घेऊन पोरं उभी. कमिटीनं पहिली काट मारली ती तमाशावर. त्यात गावाची चूक काढता येणार नाही. पण फडमालकानं दसऱ्यालाच उचली देऊन टाकल्या होत्या, त्या पाऊस पडला नाही म्हणून परत मिळत नाहीत. त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटाबंदी आली, नवा मोसम सुरू होऊन महिनाही उलटला नव्हता. तंबूचं तिकीट रोखीत जातं, उचल रोखीत दिली जाते, डिझेलही रोखीत. बाकीच्या धंद्यांना नोटाबंदीनं दम लागला, यांचा तर श्वासच कोंडला.

बारीकसारीक कारणं वेगळीच. अवकाळी पाऊस आला, खेळ रद्द. गावात मोठ्या घरी मयत झालं, खेळ रद्द. निवडणुकीची आचारसंहिता लागली, परवानगीसाठी हेलपाटे. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला नियम. तो आजाऱ्यांसाठी आणि परीक्षेच्या पोरांसाठी गरजेचा आहे, हे मी मानतो. पण रात्रभर रंगणाऱ्या वगाचा जीवच त्यानं तोडला, आणि त्या तोडलेल्या वेळेचे पैसे फडाच्या सुपारीतून गेले.

आणि मग करोना. २०२० सालचा गुढीपाडवा २५ मार्चला होता. देशभरातल्या टाळेबंदीचा तोच पहिला दिवस. ज्या दिवसाकडं फड वर्षभर डोळे लावून बसतात, नेमका तोच. पुढच्या वर्षी पाडवा १३ एप्रिलला आला आणि १४ एप्रिलच्या रात्री आठपासून महाराष्ट्रात पुन्हा संचारबंदी लागली. लागोपाठ दोन पाडवे असे गेले. कांताबाई सातारकरांसारखी मोठी कलावती २०२१ च्या मे महिन्यात करोनाच्या लाटेतच गेली. ट्रक उभ्या-उभ्या गंजले, तंबूंना बुरशी लागली. कलावंत मजुरीला गेले, भाजी विकायला बसले. उचल देणाराही बुडाला आणि घेणाराही.

हे अडाणी माणसांचं अव्यवहारीपण आहे, असं शहरातले सुशिक्षित लोक म्हणतात तेव्हा मला बालगंधर्वांचं नाव घ्यावंसं वाटतं. १९१३ साली नारायणराव राजहंस म्हणजेच बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे या तिघांनी मिळून गंधर्व नाटक मंडळी काढली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचा आश्रय, खाडिलकरांसारखा नाटककार, आणि ज्याच्यासाठी माणसं घरदार विसरत असा गळा. एवढं सगळं असताना पुढं काय झालं? दोन्ही भागीदार एकामागून एक बाजूला झाले आणि मालकी एकट्या नारायणरावांकडं आली. मालकी आली म्हणजे देणी आली. १९२१ च्या सुमारास मंडळीवर मोठं कर्ज होतं. ते त्यांनी पुढची काही वर्षं गाऊन फेडलं, आणि फेडता फेडता पुन्हा खर्च वाढला, पुन्हा कर्ज झालं. भरजरी शालू, दागिने, गालिचे, अत्तरं यांच्या आठवणी लोक अजून चवीनं सांगतात. पण शालू एकदाच घ्यावा लागतो. सारंगीला कादरबक्ष, तबल्याला अहमदजान थिरकवा, भलंमोठं बिऱ्हाड, त्याचं जेवणखाण, गावोगावचा प्रवास, पावसाळ्यातला मुक्काम, हा खर्च रोजचा. माझ्या मते मंडळीला शालूंपेक्षा या रोजच्या पोशिंदेपणानं जास्त दमवलं. आणि त्यात मला नारायणरावांचा दोष दिसत नाही. थिरकवांना कमी करून गंधर्वांचं गाणं तेच राहिलं असतं का?

एक गोष्ट मात्र त्यांच्याच चरित्रातली ध्यानात ठेवण्यासारखी. गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ १९१९ च्या फेब्रुवारीत बडोद्याला रंगमंचावर आलं. गडकरी त्याआधी महिनाभरच गेले होते. त्यातली सिंधू दळण दळणारी, दारिद्र्यानं पिचलेली बाई. तिला शालू लागत नाही, दागिने लागत नाहीत. आणि बालगंधर्वांच्या ज्या थोड्या भूमिका शंभर वर्षांनंतरही लोकांच्या तोंडी आहेत, त्यांत सिंधू आहे. पैसा खर्चून देखावा उभा करता येतो, प्रेक्षकाला धरून ठेवणारी गोष्ट त्या पैशातून येत नाही. आमच्या काळात पाहायचं तर २०१७ साली आलेलं प्राजक्त देशमुखांचं ‘संगीत देवबाभळी’ घ्या. रंगमंचावर दोनच स्त्रिया, तुकोबांची आवली आणि तिची सेवा करायला आलेली रखुमाई. हे नाटक करोनाची दोन वर्षं पोटात घेऊनही २०२३ पर्यंत चाललं. माणसं दोन होती, म्हणून थांबूनही पुन्हा उठता आलं. शंभर माणसांच्या फडाला दोन वर्षं थांबणं म्हणजे मोडणं.

१९३१ साली बोलपट आला आणि संगीत नाटकाचा कणाच मोडला, असं आपण म्हणतो. तेही मुळात हिशेबाचं प्रकरण होतं. बोलपटाचा खर्च एकदा झाला की डब्यात बंद होतो आणि तो डबा रेल्वेनं गावोगाव फिरतो, त्याला जेवायला घालावं लागत नाही. नाटकाचा खर्च रोज संध्याकाळी नव्यानं. बालगंधर्व स्वतः १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’त एकनाथ झाले, पण ते परत रंगमंचाकडंच आले. १९६७ साली ते गेले तेव्हा मागं वैभव उरलेलं नव्हतं. पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर दुसऱ्या वर्षी, त्यांच्या जन्मदिवशी, उघडलं.

आता समुद्रापलीकडचं उदाहरण, कारण त्यातून माझा मुद्दा नीट उघडतो. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर २०११ साली ‘स्पायडरमॅन’वर एक संगीतिका आली. उभारणीचाच खर्च साडेसात कोटी डॉलर, त्या नाटकनगरीच्या इतिहासातला तोवरचा सर्वांत मोठा. प्रेक्षकांच्या डोक्यावरून उडणारे नट, यू-टू या बँडमधल्या बोनो आणि एज यांचं संगीत. काही नट पडून जखमी झाले, दिग्दर्शिका बदलली, उद्घाटन पुन्हा पुन्हा पुढं गेलं. तरी लोक आले, तिकिटं खपली. पण खेळ चालू ठेवायलाच आठवड्याला दहा लाख डॉलरच्या वर लागत होते. थिएटर बऱ्यापैकी भरलेलं आणि शिल्लक काही नाही, अशी गत. ४ जानेवारी २०१४ ला पडदा पडला. गुंतवलेल्या पैशातला बहुतेक परत आला नाही. रोजच्या खर्चानं मारलं, हे इथंही तसंच.

पण तिथं बुडालं कोण? पैसे घालणाऱ्यांनी ते एका मर्यादित जबाबदारीच्या कंपनीत घातले होते. ज्यानं जेवढे घातले तेवढेच त्याचे गेले. त्याच्या घराला कुलूप लागलं नाही. तिथं मोठ्या संगीतिकेची जोखीम अशी अनेकांत वाटलेली असते, आणि प्रत्येकाला आपली हद्द आधी माहीत असते. बहुतेक संगीतिका तोट्यात जातात, हे तिथला प्रत्येक गुंतवणूकदार जाणून असतो, आणि तरी पुढची संगीतिका उभी राहते. मुंबईत २०१६ साली ‘मुघल-ए-आझम’ची संगीतिका झाली, तिच्या मागं शापूरजी पालनजीसारखा उद्योगसमूह होता. तिथंही तोटा झाला असता तर तो झेलणारा खांदा रुंद होता.

तमाशाला असा खांदा नाही. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला. त्या स्वतः फड चालवत. २००२ साली त्या गेल्या तेव्हा घरात पैशाची चणचण होती, दवाखान्याच्या खर्चासाठी लोकांना पुढं यावं लागलं. आज त्यांच्या नावानं सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं, आणि तो द्यायलाच हवा. पण पुरस्कारानं जोखीम वाटली जात नाही.

आमच्या शाखेत एकदा एक फडमालकीणबाई आल्या होत्या. पिशवीत ट्रकांची आरसी बुकं, सत्कारांचे फोटो, जत्रा कमिट्यांनी दिलेल्या इसाराच्या पावत्या. मागणी होती मोसमाआधीच्या उचलीसाठी कर्जाची, म्हणजे सावकाराचं घ्यावं लागणार नाही. साहेबांनी विचारलं, “तारण काय आहे, बाई? जमीन?” त्या म्हणाल्या, “जमीन असती तर नाचलो असतो का, साहेब?” साहेब गप्प झाले. मग त्यांनी समजावून सांगितलं की ट्रकवर कर्ज होईल, मोसमावर होणार नाही, नियमात बसत नाही. बाई म्हणाल्या, “पेरल्यालं उगवंलच असं कुठं असतंय? तरी शेतकऱ्याला देताच की तुम्ही.” कागद पिशवीत भरून त्या निघून गेल्या. फड मात्र त्या वर्षीही बाहेर पडला. पैसा कुठून आला असेल, ते वेगळं सांगायला नको.

त्या बाईंच्या बोलण्यात दोन गोष्टी होत्या आणि दोन्ही खऱ्या. पहिली जमिनीची. तमाशा पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी जगवला ते मांग, महार, कोल्हाटी अशा, गावगाड्यात जमीन नसलेल्या समाजांतले लोक. संगीत नाटकवाल्यांना संस्थानिक मिळाले, सावकारात ओळखी मिळाल्या, चाहत्यांचे वाडे मिळाले. तमाशाला काय मिळालं? तारण नाही म्हणून बँक नाही, बँक नाही म्हणून चढ्या व्याजाचा सावकार, आणि त्या व्याजामुळं चांगल्या मोसमातही हातात काही उरत नाही. दुसरी गोष्ट पेरणीची. मोसम हे पीकच आहे. आधी सगळं मातीत घालायचं, मग आभाळाकडं बघायचं. मग पिकाला जे संरक्षण आहे ते मोसमाला का नसावं?

इथं बीड पॅटर्न आठवतो. २०२० च्या खरिपात आमच्या जिल्ह्याचा पीकविमा घ्यायला विमा कंपन्या पुढं येईनात. इथं तोटाच होणार, असा त्यांचा हिशेब. तेव्हा भारतीय कृषी विमा कंपनीबरोबर वेगळी वाटणी ठरली. नुकसानभरपाई जमलेल्या हप्त्याच्या ११० टक्क्यांपर्यंत गेली तर ती कंपनीनं द्यायची, त्याच्या वर गेली तर वरचा भार राज्य सरकारनं उचलायचा. आणि भरपाई फारच कमी द्यावी लागली तर कंपनीनं २० टक्केच स्वतःकडं ठेवायचे, उरलेली रक्कम सरकारला परत. नफ्याला छत, तोट्याला तळ. पुढं २०२२ मध्ये हीच पद्धत सगळ्या महाराष्ट्रात लागू झाली. ज्या जिल्ह्यात कुणी विमा द्यायला तयार नव्हतं, त्याच जिल्ह्यातून ही वाट निघाली, याचा मला अभिमान आहे.

मोठ्या फडांसाठी आणि मोठ्या संगीत नाटकांसाठी असाच जोखीम निधी हवा. सांस्कृतिक कार्य संचालनालय आज फडांना, नाटकांना अनुदान देतं. अनुदान म्हणजे ठरलेली रक्कम. मोसम सोन्यासारखा गेला तरी तेवढीच, पूर्ण बुडाला तरी तेवढीच. त्याच पैशातला काही भाग निधीत घालावा. फडानं आणि निर्मात्यानं प्रत्येक खेळामागं थोडा हप्ता भरावा. मोसमाआधी आपला खर्च नोंदवावा. जाहीर दुष्काळ, साथीचा रोग, सरकारी बंदी, वादळ-पाऊस, अशा आधी लिहून ठेवलेल्या कारणांनी खेळ पडले आणि गल्ला ठरलेल्या पातळीखाली गेला, तर निधीनं ती दरी भरावी. मोसम फारच चांगला गेला तर वरच्या कमाईतला काही वाटा निधीत परत यावा. आणि अशी नोंद असलेल्या फडाला बँकेनं मोसमी कर्ज द्यावं, पीककर्जासारखं, कारण आता त्याच्या मागं काहीतरी उभं आहे.

यात वग पडला, नाटक रटाळ निघालं, गाणी जमली नाहीत, तर भरपाई नाही. ती जोखीम कलावंताची आणि मालकाची आहे, ती त्यांच्याकडंच राहिली पाहिजे. नाही तर कुणीही कसलंही भपकेबाज उभं करून सरकारी पैशावर हात मारेल. खेळ किती मोठा करायचा, किती माणसं घ्यायची, हा विचार मालकानं स्वतःच्या खिशाला हात लावूनच करायला हवा. उडत्या नटांसाठी आमच्या करातला पैसा नको. पावसानं, रोगानं आणि सरकारच्या हुकमानं जे जातं तेवढ्याचीच वाटणी व्हावी.

पीकविम्यात किती बोगस अर्ज निघाले, त्यात आमच्याच जिल्ह्याचं नाव कसं पुढं आलं, हे कुणी मला सांगेल. एक रुपयातला विमा २०२३ साली आला आणि २०२५ मध्ये बंद झाला, त्यामागं हेही एक कारण होतं. तो डाग मी नाकारत नाही. पण न पेरलेलं पीक कागदावर दाखवणं जितकं सोपं, तितका न झालेला तमाशा दाखवणं सोपं नाही. गावभर दवंडी पडते, पोलिसांची परवानगी लागते, हजारो माणसं साक्षीला असतात. सुपारीचे पैसे बँकेतून गेले आणि तंबूचं तिकीट मोबाइलवर निघालं, तर गल्ल्याचा हिशेब लपवणंही अवघड होईल. फडमालकांना हे सुरुवातीला जाचेल. पण ज्याची कमाई कागदावर नाही, त्याचा तोटाही कागदावर येत नाही, आणि मग तो कुणाला दाखवणार?

सरकारनं कलेचा तोटा का भरावा, असंही विचारलं जातं. २०२४ च्या सुरुवातीला शिवराज्याभिषेकाच्या ३५० व्या वर्षानिमित्त ‘जाणता राजा’ या महानाट्याचे विनामूल्य प्रयोग राज्यातल्या जिल्ह्याजिल्ह्यांत सरकारी खर्चानं झाले. हत्ती, घोडे, शेकडो कलावंत. तिथं जोखीम नावालाही नव्हती, कारण ती सगळी तिजोरीनं घेतली होती. ते केलं, चांगलं केलं. लोकांनी गर्दी केली. मग तिजोरीला मोठा खेळ परवडत नाही असं नाही. एका खेळाची पूर्ण जोखीम घेता येते तर शेकडो वर्षं गावागावाला हसवत-रडवत आलेल्या फडांच्या जोखमीचा एक तुकडा घेणं अवघड नसावं.

हा निधी होईल तेव्हा होईल. तोवर गावांच्या हातात एक गोष्ट आहे. आमच्याकडं जत्रा कमिटी फडाशी जो करार करते तो बहुतेक तोंडी किंवा वहीच्या पानावर. खेळ रद्द झाला तर काय, हे त्यात लिहिलेलंच नसतं, आणि न लिहिलेल्या गोष्टीचा तोटा नेहमी अशक्त बाजूला जातो. फड गावात येऊन पोहोचला, स्टेज बांधलं, भाकरी थापल्या, आणि मग गावात मयत झालं किंवा पाऊस कोसळला, तर निम्मी सुपारी गावानं द्यायची, ही एक ओळ करारात यायला हवी. आमच्या तालुक्यातल्या काही कमिट्यांमधल्या तरुण पोरांशी मी याबद्दल बोललो. त्यांतले बरेचसे स्वतः ऊस तोडून आलेले. त्यांना फार समजवावं लागलं नाही. उसाचा फड बंद पडला, कारखान्याचा पट्टा लवकर संपला, पण उचल अंगावर तशीच राहिली, याचा अर्थ त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतो. पाडव्याला नारायणगावात राहुट्या लागतील तेव्हा पाटोदा तालुक्यातल्या कमिट्यांनी ही ओळ लिहिलेला कागद बरोबर न्यावा, इसार देतानाच त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात, आणि गावाच्या बाजूनं सही एकट्या अध्यक्षाची न घेता कमिटीतल्या सगळ्यांची घ्यावी.